चार बाय दोनच्या टेबलावरचा डग्गा

«मी नाशिकला राहते. घरी बसून मराठी श्राव्य पुस्तकांचं संपादन करते. निवेदकाच्या चुका कापायच्या, श्वास आणि चटचट काढायची, आवाजाची पातळी सारखी करायची. दिवसाचे पाच-सहा तास डोक्यावर हेडफोन असतो. कान इतके शिणतात की संध्याकाळी स्वतःसाठी गाणं लावावंसंही वाटत नाही. म्हणून टेबलावर ठेवायला स्पीकर घ्यायचेत. बजेट 15 हजार, फार ताणलं तर 17. खोली दहा बाय अकरा, टेबल चार फूट बाय दोन फूट, एका भिंतीला लावलेलं, त्यावर 24 इंची मॉनिटर. दुकानदार म्हणतो, वूफरवाला टू पॉइंट वन सेट घ्या. भाऊ म्हणतो, घ्यायचेच तर पाच इंची स्टुडिओ मॉनिटर घे, नाहीतर घेऊ नको. नवरा म्हणतो, लॅपटॉपच्या स्पीकरचं काय वाईट आहे? शिवाय सासऱ्यांना पहाटे त्याच स्पीकरवर अभंग ऐकायचेत. तुम्हीच सांगा.
— कान किटलेली, नाशिक»

ताई, तिघांचंही उत्तर चुकलंय. पण नवऱ्यांनी विचारलेला प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून त्याच्यापासून सुरू करते.

आज रात्री एक करून बघा. तबल्याचं एखादं साधं ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर लावा आणि फक्त डग्ग्याकडे लक्ष द्या. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की तो जो घुमारा उठतो, खालून वर वाकत जाणारा, तो शोधा. सापडणार नाही. बोटाची टप्पकन झालेली टिचकी ऐकू येईल, तिच्यामागचं पोट गायब असेल. लॅपटॉपच्या स्पीकरचा पडदा नाण्याएवढा असतो, साधारण 200 हर्ट्झच्या खाली तो हवा हलवूच शकत नाही. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. आकडा जितका लहान, तितका स्वर खालचा.)

गंमत अशी की याच लॅपटॉपवर तंबोरा मात्र बरा वाटतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास बोलते. तो स्वर लॅपटॉपमधून बाहेर पडतच नाही. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीला तार घासून उठणाऱ्या झणकारामुळे, त्या तारेतून वरचे स्वरांश भरभरून निघतात आणि ते ऐकून आपला मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे लॅपटॉप आपल्याला फसवतो आणि आपण आनंदाने फसतो.

गाणं ऐकताना ही फसवणूक चालते, तुमच्या कामात ती महागात पडते. निवेदकाचा गुडघा टेबलाला लागला, खिडकीखालून ट्रक गेला, पंख्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरली, तर हे सगळं 50 ते 150 हर्ट्झच्या पट्ट्यात राहतं. लॅपटॉपवर ते नाहीच. तुम्ही फाइल पाठवता, आणि कोणीतरी ती गाडीत ऐकतं तेव्हा दर वाक्याखाली धबधब ऐकू येते. नवऱ्यांना एवढंच सांगा: लॅपटॉपचे स्पीकर वाईट नाहीत, ते अर्धी गोष्ट लपवतात.

आता दुकानदार. टू पॉइंट वन म्हणजे टेबलावर दोन चिमुकले डबे आणि टेबलाखाली खालचे स्वर वाजवणारा एक मोठा वूफर. सिनेमा बघायला मजा येते, भूकंपाच्या प्रसंगात खुर्ची हलते. पण वरचे डबे इतके छोटे असतात की पुरुषी आवाजाचा तळ, म्हणजे 100 ते 200 हर्ट्झमधला भाग, बराचसा खालच्या वूफरकडेच जातो. तुमच्या निवेदकाचं तोंड टेबलावर आणि पोट टेबलाखाली, तुमच्या पायाशी. सहा तास असा माणूस ऐकणार का तुम्ही? शिवाय अशा सेटमध्ये वूफरचा आवाज किती ठेवायचा ते एका बटणावर असतं आणि ते बटण कोणीतरी रोज फिरवतंच. काल संपादित केलेलं प्रकरण आज वेगळंच ऐकू येतं. पुण्याच्या तापकीर गल्लीत असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दुकानदार तो सेट आधी का वाजवून दाखवतो ते उघड आहे: रस्त्याच्या गोंगाटातही तो छातीत धडकतो. खरेदी मात्र गोंगाटासाठी करायची नसते.

खोक्यावर 4000 वॅट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, असं चिकटवलेलं दिसलं तर तो आकडा जत्रेतल्या पाळण्यावरच्या दिव्यांसारखा समजा. बघायचा असतो आरएमएस वॅट, म्हणजे सतत पेलणारी ताकद, आणि तुम्हाला तोही फार लागत नाही. हिशेब करून दाखवते. छोटा स्पीकर साधारण 1 वॅटमध्ये 1 मीटरवर 85 डेसिबलच्या आसपास वाजतो. तुम्ही 70 सेंटिमीटरवर बसणार, म्हणजे आणखी 3 डेसिबल वाढले. स्पीकर दोन आहेत, म्हणजे अजून थोडे. एकेका वॅटमध्येच आवाज इतका होतो की शेजारची खोली दार लावून घेईल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 40 तास ऐकायची मर्यादा 80 डेसिबल सांगते, आणि तुमचे कामाचे तास त्याच्या जवळपास जातात. प्रत्येक बाजूला 20 वॅट असले की झालं. उरलेली ताकद एखादा डग्गा किंवा दार आपटल्याचा आवाज न फाटता निघावा म्हणून असते, रोज वापरायला नव्हे.

जवळून ऐकायच्या स्पीकरची कल्पनाच मुळात जागेच्या अडचणीतून आली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या अभियंत्यांना बाहेरच्या प्रसारणाच्या गाडीत बसून आवाज तपासायचा होता आणि गाडीत मोठा स्पीकर मावत नव्हता. त्यातून एलएस3/5ए नावाचा चपलेच्या खोक्याएवढा स्पीकर जन्मला, पाच इंची शंकूचा, म्हणजे पडद्याचा. पुढे 1978 मध्ये यामाहाने एनएस-10 हा पांढऱ्या शंकूचा स्पीकर घरगुती वापरासाठी काढला. घरात तो फारसा रुळला नाही, पण जगभरच्या स्टुडिओत मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. 2001 मध्ये बंद होईपर्यंत बसूनच होता. तो कानाला टोचायचा, म्हणून ट्वीटरवर, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या पडद्यावर, टिश्यू पेपर चिकटवणारेही होते. तरी लोक तो वापरत, कारण इतक्या जवळून ऐकताना स्पीकरचा थेट आवाज आधी आणि ठळक कानावर येतो, खोलीच्या भिंतींचा प्रतिध्वनी मागे पडतो. तुमची दहा बाय अकराची खोली सुधारायला दोन-तीन लाख लागतील. कान स्पीकरजवळ न्यायला काहीच लागत नाही.

इथेच भावाचं चुकतं. पाच इंची स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत आवाज तपासायचे स्पीकर, उत्तम असतात, जेबीएल 305पी असो वा यामाहा एचएस5. मीही भावासारखीच होते. वीस वर्षांपूर्वी पहिल्या पगाराच्या साठवलेल्या पैशांतून मी पाच इंची जोडी घेतली. भाड्याच्या खोलीत टेबल एकाच ठिकाणी बसायचं, कोपऱ्यात. डावा स्पीकर अगदी दोन भिंतींच्या खाचेत. त्या सुमारास एका नाटकाच्या ध्वनिमुद्रणाचं काम आलं होतं. नायकाचा आवाज मला घुमट वाटला, भरल्या पोटी बोलल्यासारखा. मी खालचे स्वर कापले, अजून घुमट वाटला, अजून कापले. फाइल गेली. दोन दिवसांनी फोन आला, "अहो, यांचा आवाज टेलिफोनवरून बोलल्यासारखा का येतोय?" घुमट माणूस नव्हता, माझा कोपरा घुमत होता. एक भिंत खालचे स्वर 6 डेसिबलपर्यंत फुगवू शकते, दुसरी त्यात भर घालते. मी भिंतीची चूक माणसाच्या गळ्यातून कापून काढली होती. मोबदला मिळाला नाही ते वेगळं.

तुमच्या टेबलावर पाच इंची डबा ठेवला तर त्याची मागे-पुढची लांबी आणि मागे सोडायची जागा धरून तो पुढे सरकतो. या दोन्ही मॉडेलना मागच्या बाजूला हवेचं भोक आहे, भिंतीला चिकटवून चालत नाहीत. दोन फुटी टेबलावर स्पीकर तुमच्या नाकाशी येणार, किंवा तुम्ही तो मागे भिंतीला दाबणार आणि खालचे स्वर फुगणार. त्यांच्या मागे बेस कमी करायची बटणं असतात हे खरं, पण ज्याचं पोटच कमी करायचंय ते मोठं पोट आधी विकत का घ्यायचं?

तुम्हाला हवा आहे साडेतीन ते चार इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर असलेला जोड, प्रत्येक बाजूला एकच डबा, टेबलाखाली काही नाही.

पण मॉडेल सांगायच्या आधी टेबल. हे वाचायला कंटाळा येईल, तरी वाचा, कारण पंधरा हजारांत तुम्हाला जो फरक मिळेल त्यातला अर्ध्याहून जास्त इथून मिळणार आहे.

तुमचा 24 इंची मॉनिटर सुमारे 53 सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर सोडून स्पीकर ठेवले की त्यांच्या मध्यांमधलं अंतर पाऊण मीटर होतं. तुमच्या कानापासून प्रत्येक स्पीकरही तेवढाच लांब हवा. समभुज त्रिकोण, एवढंच. बहुतेकांची खुर्ची जास्त पुढे असते, तुम्हाला ती वीतभर मागे घ्यावी लागेल. सुतळी घ्या, एका स्पीकरच्या ट्वीटरपासून नाकापर्यंत माप घ्या, दुसऱ्याला तीच सुतळी लावा. दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. मग निवेदकाचा आवाज लावा. तो मॉनिटरच्या मधोमध, काचेतून बोलतोय असं वाटलं तर जमलं. डावीकडे ओढला जात असेल तर बघा, एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी आहे का. टेबल भिंतीच्या मध्यावर सरकवता आलं तर सरकवा. कोपऱ्यात असेल तर माझं नाटक आठवा.

भिंतीपासूनचं अंतर हा दुसरा भाग, आणि इथे मधला मार्ग वाईट असतो. स्पीकरच्या तोंडापासून निघालेला खालचा स्वर मागे जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठराविक स्वराला समोरच्या आवाजाला मारून टाकतो. तोंड भिंतीपासून 70 सेंटिमीटरवर असेल तर तो खड्डा 120 हर्ट्झच्या जवळ पडतो, बरोबर पुरुषी आवाजाच्या तळात. तोंड 28 सेंटिमीटरवर आणलं तर तोच खड्डा 300 हर्ट्झच्या आसपास सरकतो, जिथे स्पीकर मागे कमी आवाज टाकतो, म्हणजे खड्डाही उथळ होतो. म्हणून टेबल भिंतीला असताना डबे मागे न्या, मागचं भोक असेल तर चार-पाच बोटं जागा सोडा, आणि जो बेस फुगेल तो स्पीकरच्या बटणावर दोन-तीन डेसिबल उतरवा. भोक पुढच्या बाजूला असेल तर एवढी काळजी लागत नाही.

तिसरा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला आरसा लागतो. स्पीकर टेबलावर सपाट ठेवला की आवाज दोन वाटांनी कानापर्यंत पोचतो: सरळ, आणि टेबलाच्या पृष्ठभागावर आपटून. दुसरी वाट पंधरा-वीस सेंटिमीटर लांब पडते. ते दोन आवाज एकमेकांशी भांडतात आणि साधारण 900 हर्ट्झपासून खड्डे पडायला लागतात. हे स्वरांचं घर आहे, आ आणि ओ यांचं. निवेदक डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो तो याचमुळे. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कोणालातरी छोटा आरसा टेबलावर आडवा सरकवायला सांगा. जिथे आरशात तुम्हाला ट्वीटर दिसेल, तिथूनच आवाज उसळतोय.

आता तो कमी करायचा कसा? बसल्यावर कान टेबलाच्या वर 40-45 सेंटिमीटर असतो आणि चार इंची डब्याचा ट्वीटर टेबलापासून जेमतेम सतरा-अठरा. म्हणून डबा उचलायचा. बाजारात फोमच्या उतरत्या गाद्या मिळतात, चांगल्या असतात. माझ्याकडे एका बाजूला 2011 आणि दुसऱ्या बाजूला 2014 सालच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत, सुतळीने आवळून बांधलेले, वीतभर उंच. रद्दीवाल्याने दोनदा मागितले. गठ्ठ्यावर जुन्या स्लिपरचे चार रबरी तुकडे ठेवा, पुढचे दोन जाड, मागचे पातळ, म्हणजे डबा किंचित मागे झुकतो आणि ट्वीटर कानाकडे बघतो. रबरामुळे डब्याची थरथर टेबलात उतरत नाही. आरशाच्या जागी जाड टॉवेल पसरला तर वरच्या पट्टीत थोडा फरक पडतो, पण खरं काम उंची करते. आणि टेबलावर काच असेल, खाली नातेवाइकांचे फोटो वगैरे, तर ती आजच काढा. ती एका स्वराला झणझणते आणि तुम्ही आठवडाभर फाइलमध्ये दोष शोधत बसाल.

समोरच्या भिंतीवर गोधडी टांगली तर छान दिसते, खालच्या स्वरांवर परिणाम शून्य. टांगायची असेल तर डोक्यामागच्या भिंतीवर टांगा, तिथे टाळीचा कडक प्रतिध्वनी कमी होतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट त्याहून चांगलं.

तर मॉडेल. किमती दर महिन्याला हलतात, म्हणून आकडे लिहीत नाही, पण तुमच्या पंधरात दोन गोष्टी नीट बसाव्यात. एक एडिफायरचा एमआर4. चार इंची वूफर, एक इंची ट्वीटर, दोन्ही मिळून 42 वॅट आरएमएस, मागे साध्या आरसीए पिनांसोबत बॅलन्स्ड जॅकचीही (वायरमध्ये गुणगुण कमी शिरू देणाऱ्या जोडणीची) सोय, पुढे हेडफोन आणि ऑक्स, म्हणजे फोनची वायर लावायचं भोक. दुसरा प्रीसोनसचा एरिस ई3.5. साडेतीन इंची, आकाराने अजून लहान, मागे बेस आणि ट्रेबल 6 डेसिबलपर्यंत कमी-जास्त करायची बटणं, पुढे आवाजाचं बटण, ऑक्स आणि हेडफोनचं भोक. हवेचं भोक मागे आहे, हे लक्षात ठेवा. दोन्हींमध्ये अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात असतो आणि दुसरा डबा वायरने त्याला जोडलेला असतो, म्हणजे प्लग एकच लागतो. जड डबा मॉनिटरच्या ज्या बाजूला प्लगची जागा आहे त्या बाजूला सोयीचा पडेल का, ते घेण्याआधी बघा. डावा-उजवा उलटे लावले तर गाण्यात फरक पडतो, बोलण्यात नाही.

एडिफायरचाच आर1280टी हाही लोकप्रिय आहे, चार इंची, लाकडी दिसणारा, बाजूला बेस-ट्रेबलची बटणं, आणि सहसा स्वस्त. फक्त गाणी ऐकायची असती तर मी तोच सांगितला असता. पण त्याला बॅलन्स्ड जॅक नाही आणि त्याचा स्वभाव थोडा गोड आहे. संपादकाला गोड स्पीकर नको. तुम्हाला निवेदकाची चूक गोड वाटायला नको.

दोन्ही ऐकायला मिळाले तर ऐका, आणि दुकानदाराने लावलेलं गाणं ऐकू नका. तुमच्या फोनमध्ये तुम्ही संपादित केलेलं एक पुरुषी आणि एक बाईचं निवेदन न्या, एक तबल्याचं ध्वनिमुद्रण न्या, आणि कच्ची फाइलही न्या, श्वास आणि चटचटीसकट. दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जो थोडा मोठा वाजतो तो नेहमी चांगला वाटतो. «स» आणि «श» फुसफुसतात का, «ब» आणि «भ» फुगतात का, डग्ग्याचा घुमारा एका ठिकाणी फुटतो का की वाकत जातो, एवढं बघा. मग काहीही न वाजवता आवाजाचं बटण नेहमीच्या जागी ठेवून कान जवळ न्या. सतत सस्स येतो का? लांब बसून तो जाणवत नाही, पाऊण मीटरवर शांत रात्री जाणवतो, आणि तुमच्या कामात तर शांतताच ऐकायची असते. ऐकायलाच मिळाले नाहीत, फक्त ऑनलाइन मागवायचे असतील, तर एमआर4 घ्या. चार इंची शंकू साडेतीनपेक्षा डग्ग्याला जास्त न्याय देतो.

खोक्यावरच्या हर्ट्झच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. यामाहा स्वतःच एचएस5 साठी दोन आकडे देते: 10 डेसिबलची घट चालवून घेतली तर 54 हर्ट्झपासून, आणि 3 डेसिबलचीच चालवली तर 74 हर्ट्झपासून. एकच स्पीकर. यामाहाने निदान दोन्ही छापलेत. बहुतेक जण एकच छापतात आणि किती घट धरली ते सांगत नाहीत, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाचं वजन चपला घालून आणि दुसऱ्याचं चपला काढून घेणं.

ब्लूटूथवर संपादन करू नका. तुम्ही माउसने कापता तिथे आवाज काही दशांश सेकंद उशिरा येतो आणि कात्री चुकीच्या जागी पडते. वायरच लावा. आणि हेडफोन विकून टाकू नका. चटचट, कपड्याची सळसळ आणि कापलेल्या जागेचा टक हे शेवटी हेडफोनवरच तपासायचं, अर्धा-पाऊण तास पुरतो. बाकीचे पाच तास स्पीकरवर. बसल्या जागी दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात, माणूस समोर बसून बोलल्यासारखा वाटतो, आणि आवाजाची पातळी सारखी करणं तिथे जास्त नैसर्गिक जातं.

जोडल्यावर गुणगुण आली, ट्रान्सफॉर्मरसारखी, तर स्पीकर परत पाठवायची घाई करू नका. लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली का? मग स्पीकर निर्दोष आहे, आवाज विजेच्या दोन अर्थिंगमधून शिरतोय. आपली वीज 50 हर्ट्झची, गुणगुण तिची आणि तिच्या पटीतली. लॅपटॉप, मॉनिटर आणि स्पीकर तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बऱ्याचदा तेवढ्याने जातं. नाही गेलं तर वायरच्या मध्ये बसवायचा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, काही शंभर रुपयांत. पुढेमागे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोन आणि स्पीकर लॅपटॉपला जोडायचा डबा, घेतलात तर बॅलन्स्ड वायर लावा, मग तो आयसोलेटर काढून टाकता येईल, कारण स्वस्तातला थोडा बेस खातो. इलेक्ट्रिशियन येऊन तिसरी जाड पिन कापून देतो म्हणाला तर चहा पाजा आणि परत पाठवा. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

उरले ते एक-दोन हजार वायर, फोम आणि थोड्या टिकणाऱ्या पिनांवर घाला. महागडी स्पीकरची वायर नको, दोन मीटरवर साधी तांब्याची वायर आणि सोन्याचा मुलामा असलेली वायर यांतला फरक मी आजवर ऐकलेला नाही, आणि ज्यांनी ऐकलाय त्यांच्याकडून मला ती घ्यायची नाही.

आता सासरे. पहाटे साडेपाचला लॅपटॉप चालू करून तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधून अभंग शोधायचे, हे त्यांच्याकडून होणार नाही, आणि तुमच्या फायलींसाठी होऊही नये. दोन्ही मॉडेलना पुढे ऑक्सचं भोक आहे. एक हातभर वायर कायम तिथे लावून मॉनिटरच्या पायाशी ठेवा, दुसरं टोक त्यांच्या फोनला. फोनला भोक नसेल तर दोनशे-तीनशे रुपयांचा टाइप-सी डॉन्गल वायरच्या टोकाला सुतळीने बांधून टाका, नाहीतर तो हरवतो. फोनचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त स्पीकरच्या बटणावर करायला त्यांना शिकवा, म्हणजे पखवाज फाटणार नाही. आणि त्यांचं बटण कुठवर फिरवलेलं असतं त्याची खूण पांढऱ्या चिकटपट्टीने त्या बटणाशेजारी करा, दुसरी खूण तुमची. आमच्या घरी तिसरीही आहे, ती मुलाची आहे, आणि ती मी दर रविवारी पुसते.